धानाची पेंडी, कापसाची बोंडं आणि संत्र्याच्या सालीची बरणी

दसऱ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत नागपुरात कुणाकडे ना कुणाकडे फराळाला, जेवायला जाणं असतंच. याच दिवसांत भंडारा-गोंदियाकडे हलकं, म्हणजे लवकर पिकणारं धान कापणीला येतं, वर्ध्याच्या बाजूला पऱ्हाटी, म्हणजे कापूस, फुटते आणि आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडी येणारी संत्री नागपूरच्या कळमना बाजारात उतरू लागतात. टेबल सजवायला आणि यजमानांकडे काही घेऊन जायला एवढं भरपूर आहे. प्लास्टिकची पानं आणू नका.

मधोमध ठेवायची ती धानाची पेंडी. त्यासाठी लोंब्यांसकट 80 ते 100 काड्या लागतात, आणि त्या विळ्यानं कापलेल्याच हव्यात. हार्वेस्टरनं काढलेल्या शेतात कामाची काडी मिळत नाही. लोंबीच्या बुडाशी चार-पाच दाणे अजून हिरवट असताना धान कापून घ्या. पूर्ण पिकलेल्या लोंबीचे दाणे हात लावताच झडतात आणि जेवताना ताटात पडतात. घरी आणल्यावर मूठ-मूठभर काड्यांना रबरबँड लावून त्या सावलीत, वारा लागेल अशा जागी पाच-सहा दिवस उलट्या टांगा. इथे सुतळी चालत नाही. वाळताना काड्या आकसतात, सुतळीची गाठ सैल पडते आणि अर्ध्या काड्या खाली येतात. रबर मात्र त्यांच्याबरोबर आवळत जातं. उन्हात वाळवलं तर रंग उडतो, काडी कडकड मोडते. पिशवीत कोंबून ठेवलं तर दोन दिवसांत बुरशी.

वाळल्यावर सगळ्या मुठी एकत्र करा आणि लोंब्यांच्या चार बोटं खाली घट्ट बांधा. मग वरचा भाग एका हातात धरून खालच्या काड्यांना दुसऱ्या हातानं पीळ द्या. काड्या एकमेकींवर तिरप्या बसतात, खालचा घेर पसरतो आणि पेंडी आपल्या पायावर उभी राहते. बूड कात्रीनं सपाट कापा. एकूण उंची 25 सेंटिमीटरच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर समोर बसलेल्या माणसाचं तोंड दिसत नाही. आता रबरावर सुतळीचे सात-आठ वेढे घ्या. पेंडी एका बाजूला कलत असेल तर पीळ कमी पडलाय. बुडाशी कागद कोंबू नका, सोडून पुन्हा पिळा.

कापसाची फुटलेली बोंडं सात-आठ पुरे, देठासकट. ती आधी दोन दिवस कडक उन्हात वर्तमानपत्रावर पसरून झटकून घ्या. आत गुलाबी बोंडअळी किंवा बारीक किडे असू शकतात. वाळलेल्या बोंडाच्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी असतात. मुलांचे हात लागतील तिथे ती कात्रीनं बोथट करा.

बर्डीच्या (सीताबर्डीच्या) फुलबाजारात झेंडू बहुतेक किलोवर, बिनदेठाचा मिळतो. अर्धा किलो घ्या. फुलाखालचा हिरवा पेला बोटांनी दाबून पाहा: घट्ट लागला तर ताजं, मऊ किंवा तपकिरी असेल तर फूल कालचं. पिशवीतून लगेच काढून पसरा, ढिगात फुलं उबतात. मग 30 सेंटिमीटरच्या बांबूच्या परडीत स्टीलची उथळ ताटली ठेवा. मधोमध वाटी पालथी घालून तिच्यावर पेंडी उभी करा, म्हणजे काड्यांना पाणी लागत नाही. भोवती बोटाच्या एका पेरापेक्षाही कमी पाणी घालून फुलं खांद्याला खांदा लावून बसवा. वरून पाणी शिंपडण्याचा मोह टाळा. पाकळ्यांच्या मुळाशी ते साचतं आणि दुसऱ्या दिवशी कुजका वास सुटतो. अशी फुलं दोन-तीन दिवस सहज टिकतात. बोंडं आणि चार-पाच संत्री परडीच्या कडेला, कोरड्यात ठेवा. सीताफळ दिसायला सुंदर, पण पिकलेलं असेल तर रात्रीतून फुटून कापूस चिकट करतं, म्हणून नको.

पणत्या परडीत कधीही ठेवू नका. वाळलेली काडी आणि कापूस क्षणात पेट घेतात. पणत्या वेगळ्या ताटात, हातभर लांब. पंखाही मंद ठेवा.

फुलं कोमेजली की पेंडी बाल्कनीत उलटी टांगा, चिमण्या येतात.

आता यजमानांची भेट. ऐन पाहुण्यांच्या गर्दीत घरच्या बाईला फुलदाणी शोधायला लावणारी किंवा लगेच वाढावी लागणारी भेट बरी नव्हे. संत्र्याच्या सालीची साखरकाप नेली तर ती सवडीनं खाता येते. सहा संत्री कोमट पाण्यात चोळून धुवा, सालीच्या आतल्या पांढऱ्या शिरा काढा आणि अर्ध्या सेंटिमीटरच्या पट्ट्या कापा. पाण्यात पाच मिनिटं उकळून ते पाणी फेकून द्या. असं दोनदा, साल हिरवी असेल तर तीनदा. ही पायरी गाळली की कडूपणा जात नाही. मग एक वाटी साखर, एक वाटी पाणी आणि लिंबाचे सात-आठ थेंब यांच्या पाकात मंद आचेवर 15 ते 20 मिनिटं, पट्ट्या काचेसारख्या दिसेपर्यंत शिजवा. लिंबामुळे पाक दाणेदार होत नाही. आच वाढवू नका. नागपुरी संत्र्याची साल पातळ आणि सुटी असते, पाक घट्ट झाला की ती चामड्यासारखी होते.

जाळीवर 10-12 तास पंख्याखाली वाळवा. पट्टी वाकली पाहिजे, पण बोटाला चिकटता कामा नये. त्यानंतरच साध्या साखरेत घोळवा. पिठीसाखर ओल ओढून घेते आणि सगळं लगद्यासारखं होतं. बरणी धुऊन पूर्ण कोरडी केलेली हवी. पट्ट्या कोमट असताना झाकण लावलं तर आत वाफ धरते आणि आठवड्यात बुरशी येते. झाकणावर खणाचा चौकोनी तुकडा, सुतळी आणि एक लोंबी बांधा. चिठ्ठीवर केल्याची तारीख लिहा, आणि खाली: पंधरा दिवसांत संपवा.