लेसरने केस काढण्यापूर्वी त्वचेची तयारी: नागपूरच्या उन्हाचा हिशेब धरून

केसातील मेलॅनिन हे रंगद्रव्य लेसरचा प्रकाश शोषून घेते आणि त्या उष्णतेने केसाचे मूळ निकामी होते. हेच रंगद्रव्य त्वचेतही असते, आणि उन्हाने रापलेल्या त्वचेत ते वाढलेले असल्यामुळे तेथे भाजण्याचा व मागे काळे डाग राहण्याचा धोका अधिक असतो. त्यामुळे नागपुरात आधी महिना ठरवावा, मग दवाखाना. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना पहिले सत्र घेण्यापेक्षा दिवाळीनंतर सुरुवात करणे शहाणपणाचे. अर्थात थंडीत गच्चीवर ऊन खात बसणेही मग सोडावे लागेल.

दुचाकीवर जाताना चेहरा दुपट्ट्यात नीट गुंडाळलेला असतो, पण हात बाहीपासून मनगटापर्यंत उघडेच राहतात. दंडाची आतली बाजू आणि कोपराखालची बाहेरची बाजू शेजारी धरून पाहावी. रंगात ठळक फरक दिसला तर सत्र पुढे ढकलावे. निदान चार आठवडे आधीपासून पूर्ण बाह्या आणि एसपीएफ ३० किंवा अधिकचे सनस्क्रीन वापरावे.

या काळात वॅक्सिंग, थ्रेडिंग आणि प्लकिंग बंद ठेवावे, कारण केस मुळासकट उपटला की लेसरला लक्ष्यच उरत नाही. वस्तऱ्याने केस काढलेले चालतात, किंबहुना आदल्या दिवशी ते तसेच काढावेत. ब्लीच, रेटिनॉलची क्रीम आणि घराघरांत असणारी संत्र्याच्या सालीची पूडही काही दिवस आधीच थांबवावी.

त्वचारोगतज्ज्ञांना मुरुमांसाठीचे आयसोट्रेटिनोइन, गर्भधारणा, ओठांवर वारंवार येणारे नागीणसदृश फोड आणि पीसीओएस (स्त्रियांमधील संप्रेरकांचा एक विकार) यांविषयी न विचारता सांगावे. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेला १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा एनडी-याग प्रकारचा लेसर तुलनेने सुरक्षित ठरतो. कोणते यंत्र वापरणार, हे विचारण्यात संकोच नको. पांढऱ्या केसांवर मात्र लेसरचा उपयोग होत नाही.

आधी लहानशा जागी चाचणी करून घ्यावी. बधिर करणारे मलम घरीच पायभर चोपडून वर प्लास्टिक गुंडाळणे धोक्याचे आहे, कारण त्यातील लिडोकेन रक्तात उतरून हृदयाचे ठोके बिघडवू शकते. सत्राच्या दिवशी डिओडरंट, तेल, मेकअप काहीही लावू नये, आणि घामोळे उठले असेल तर फोन करून तारीख बदलून घ्यावी.