दुबईचं विमान खरंच किती तास उडतं?

भाच्याचं तिकीट हातात धरून ताई आमच्या वेंगुर्ल्याच्या ओटीवर बसली होती. "मुंबईहून सकाळी १०ला सुटता, ११.४०ला पोचता. येताना रात्री १०ला सुटता ता २.२०ला! येताना विमान दमता की काय?"

विमान दमत नाही. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची असते, आणि दुबईचं घड्याळ आपल्यामागे दीड तास. जाताना दीड तास मिळवा, ३ तास १० मिनिटं. येताना वजा करा, २ तास ५०.

ताईचं एवढ्यावर भागलं. माझा जन्म जहाजावर गेलेला, मैल मोजल्याशिवाय मला चैन कुठली! विमानवालेही आमचेच सागरी मैल आणि नॉट (तासाला एक सागरी मैल हा वेग) वापरतात. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. आकडा विचित्र, पण सोय मोठी: उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे ६० मैल. मोजपट्टी नकाशाच्या कडेलाच छापलेली!

शाळेचा नकाशासंग्रह काढा. मुंबई १९ अंश ६ मिनिटं उत्तर, ७२ अंश ५२ मिनिटं पूर्व. दुबई २५.१५ आणि ५५.२२ (टिंबापुढे मिनिटं, दशांश नव्हे, इथे हमखास चूक होते). अक्षांशांतला फरक ६ अंश ९ मिनिटं, म्हणजे ३६९ मैल. रेखांशांतला साडेसतरा अंश, म्हणजे १,०५०. पण उत्तरेकडे रेखांश एकमेकांजवळ सरकतात, म्हणून याला मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. २२ अंशांना ०.९३. आले ९७६. आता पायथागोरस: दोघांचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. साधारण १,०४० मैल, म्हणजे १,९३० किलोमीटरच्या आसपास. लंडन-अमेरिकेला ही रीत लावू नका, तिथे पृथ्वीची गोलाई हिशोब बिघडवते.

वेळेसाठी जेटचा वेग ४५० नॉट धरा. भागाकार २ तास १९ मिनिटं. त्यात धावपट्टीपर्यंत रखडणं, चढणं, उतरणं यांचा अर्धा तास, कारण तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंतची असते. झाले २.४९. मग जाताना जास्त का? वर पश्चिमेचा वारा असतो, थंडीत तर चांगलाच जोर धरतो. जाताना तो तोंडावर, येताना पाठीवर. शिडाच्या होडीला जे, तेच विमानाला.

मुंबई-चिपी (आमचा सिंधुदुर्गचा विमानतळ) याच रीतीने जेमतेम १९० मैल, रस्त्याने पाचशे किलोमीटरच्या घरात. पंख्याचं छोटं विमान २७० नॉटने पाऊण तासात ते कापेल, पण वरचा अर्धा तास तिथेही सुटत नाही. म्हणून अंतर निम्मं झालं तरी वेळ निम्मी होत नाही.

ताईला सांगितलं, "आपल्या घड्याळात १.१०ला उतरेल, मग पासपोर्टची रांग, बॅगा. दोनच्या आधी फोन लावू नकोस."

तिने साडेबाराला लावला.