शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांना मधुमेहाचा प्रकार कसा सांगावा

भूलपूर्व तपासणीत ‘मला शुगर आहे’ एवढेच सांगून भागत नाही. मधुमेह कोणत्या प्रकारचा आहे, यावरच उपाशी राहण्याच्या काळात कोणते औषध चालू ठेवायचे आणि कोणते थांबवायचे, हे ठरते. इन्सुलिन घेणारा प्रत्येक रुग्ण टाइप १ चा नसतो; टाइप २ च्या अनेकांना काही वर्षांनी इन्सुलिन लागते. म्हणून निदान कोणत्या वयात झाले, इन्सुलिन सुरुवातीपासूनच लागले का आणि कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर चरबी जळून तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) वाढल्यामुळे कधी दाखल व्हावे लागले का, हे कागदावर लिहून न्यावे.

टाइप १ मध्ये शरीर स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. त्यामुळे पोटात अन्न नसले तरी दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन पूर्ण बंद करता येत नाही. बंद केल्यास काही तासांतच कीटोन साठू लागतात आणि रक्त आम्लधर्मी होते. डॉक्टर बहुधा डोस थोडा कमी करतात. कमी करणे म्हणजे बंद करणे नव्हे, हे घरच्यांनीही नीट समजून घ्यावे.

टाइप २ मध्ये गोळ्यांची नावे फार महत्त्वाची ठरतात. ग्लिमेपिराइड शस्त्रक्रियेच्या सकाळी सहसा देत नाहीत, कारण उपाशीपोटी साखर घसरू शकते आणि भुलीत असलेला रुग्ण घाबरल्यासारखे होते हे सांगू शकत नाही. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन किमान ३ दिवस आधी थांबवावे लागते. या गोळ्यांवर साखर २०० च्या आत दिसत असतानाही रक्तात कीटोन धोकादायक पातळीला पोहोचू शकतात, त्यामुळे केवळ ग्लुकोमीटरवर विसंबणे मला फार जोखमीचे वाटते. सेमाग्लुटाइडमुळे जठर सावकाश रिकामे होते आणि भुलीत अन्न फुफ्फुसात जाण्याची भीती असते. शेवटचे इंजेक्शन कधी घेतले, ते न विसरता सांगावे. मात्र कोणतेही औषध स्वतःच्या मनाने थांबवू नये.

स्वादुपिंडाच्या आजारानंतर किंवा ते काढल्यानंतर झालेला मधुमेह वेगळाच असतो: साखर सावरणारे ग्लुकागॉनही कमी पडत असल्याने ती अचानक खाली येते. गरोदरपणातील मधुमेहात वार बाहेर पडताच इन्सुलिनची गरज झपाट्याने घटते, म्हणून सिझेरियननंतर आधीचाच डोस पुढे चालू ठेवत नाहीत.

मधुमेह बऱ्याच वर्षांचा असेल, तर उठताना चक्कर येते का, थोडे खाऊनच पोट भरते का, हेही सांगावे. शिवाय नमस्कारासाठी हात जोडून पाहावेत: बोटे व तळवे पूर्ण टेकत नसतील, तर मानेचे सांधेही ताठरलेले असू शकतात आणि श्वासनलिकेत नळी घालणे अवघड जाऊ शकते.