एडीएचडीच्या तपासणीला जाताना प्रगतिपुस्तक सोबत न्या

एडीएचडी म्हणजे लक्ष टिकत नाही, चंचलता आणि उतावळेपणा आवरत नाही अशी लहानपणापासूनची अवस्था. मोठेपणी तिची शंका आली की बहुतेक जण डॉक्टरांना फक्त आजच्या तक्रारी सांगतात: वीजबिल राहून जातं, मीटिंगमध्ये लक्ष उडतं, हातातली कामं अर्धवट पडतात. तेवढ्यावर निदान होत नाही. २०१३च्या डीएसएम-५ (मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकन पुस्तिका) निकषांनुसार काही लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून असावी लागतात (पूर्वी ही अट ७ वर्षांची होती), आणि ती घर, शाळा, नोकरी अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात.

म्हणून प्राथमिक शाळेची प्रगतिपुस्तकं शोधा. गुण बाजूला ठेवा, शेऱ्यांचा रकाना वाचा. ‘हुशार आहे, पण चंचल’, ‘वह्या अपूर्ण’, ‘वर्गात फार बोलते’ असे शेरे दरवर्षी येत असतील तर त्या पानांचे फोटो काढून न्या. गुण चांगले होते म्हणून शंका सोडू नका. रोज शेजारी बसून अभ्यास घेणारं कुणी असलं की बरंच झाकलं जातं. मुलींचं तर जास्तच. खिडकीबाहेर बघत गप्प बसलेल्या मुलीची तक्रार कोण करणार?

प्रगतिपुस्तकं रद्दीत गेली असतील तर आईला, मावशीला, थोरल्या भावाला विचारा. पण ‘मी लहानपणी कसा होतो?’ असं नको, ‘गुणी होतास’ एवढंच ऐकू येईल. डबा, छत्री, कंपासपेटी किती वेळा हरवायची, गृहपाठाला किती वेळ लागायचा, ते विचारा.

झोपेच्या, थायरॉईडच्या किंवा चिंतेच्या तक्रारी असतील तर त्याही सांगा. त्यांनीही लक्ष लागत नाही.