हाय-एंड ग्राफिक्स कार्डाची किंमत रास्त आहे की लूट, हे स्वतःच कसं तपासायचं

दोन लाखाचं ग्राफिक्स कार्ड (कॉम्प्युटरमध्ये गेमचं, थ्रीडीचं चित्र बनवणारा भाग) म्हटलं की घरचे विचारणारच, एवढ्यात नवी स्कूटर आली असती ना. आणि ऑनलाइन विचारायला गेलं तर अर्धे लोक म्हणणार कंपनी लुटतेय, अर्धे म्हणणार बाबा टेक्नॉलॉजी महाग झालीय, परवडत नाही तर घेऊ नको. दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. किंमत फोडून बघितली की कळतं त्यातला कुठला भाग खरा खर्च आहे आणि कुठला फक्त "लोक देतायत ना, मग घ्या" म्हणून चढवलाय. माझं मत आधीच सांगतो, सगळ्यात वरच्या कार्डाची वाढ बरीचशी समजण्यासारखी आहे, खरी मेख त्याच्या एक पायरी खालच्या कार्डात आहे.

पहिल्यांदा डॉलर आणि रुपया वेगळा करा. अमेरिकेतली जाहीर किंमत घ्यायची, त्या दिवसाच्या डॉलरच्या भावाने गुणायची आणि वर १८ टक्के जीएसटी लावायचा, कारण तिकडची किंमत टॅक्स सोडून सांगतात आणि आपली टॅक्स धरून. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडिया कंपनीचं सगळ्यात वरचं कार्ड आरटीएक्स ५०९० (पहिले दोन आकडे पिढीचे, शेवटचे दोन पायरीचे) आलं १,९९९ डॉलरला, भारतात जाहीर किंमत २,१४,००० रुपये. ५०८० होतं ९९९ डॉलर, इथे १,०७,०००. ५०७० होतं ५४९ डॉलर, इथे ५९,०००. भागून बघा, सगळीकडे डॉलरला साधारण १०७ रुपये पडतात. तेव्हा डॉलर होता ८६ च्या आसपास, जीएसटी धरला तर १०२ होतात, म्हणजे वरचे चार-पाच रुपये वाहतूक आणि डिस्ट्रिब्युटरचे. त्यामुळे "भारतात डबल लावतात" हे जाहीर किमतीबाबत तरी खरं नाही.

आता हाच हिशोब मागच्या पिढीला लावा. ऑक्टोबर २०२२ मध्ये ४०९० आलं १,५९९ डॉलरला, इथे १,५५,००० रुपयांना, म्हणजे डॉलरला ९७. डॉलरमध्ये वाढ झाली २५ टक्के, रुपयांत झाली ३८. मधला फरक बराचसा आपल्या रुपयाचा आहे, त्यावरून कंपनीला शिव्या घालून काही उपयोग नाही.

पण दुकानात सांगतात तो भाव जाहीर किमतीच्या किती वर आहे ते वेगळं बघायचं. नवीन मॉडेल आलं की पहिले काही महिने माल कमी असतो आणि प्रत्येक ब्रँडचं तीन पंख्यांचं, लाइटवालं ओसी (कारखान्यातूनच स्पीड थोडा वाढवलेलं) मॉडेल पंधरा-वीस हजार जास्त सांगतं. त्या ओसीने स्पीड दोन-चार टक्के वाढतो, तेवढ्यासाठी पैसे देऊ नका. माझा नियम साधा आहे, जाहीर किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा वर सांगितलं तर थांबायचं.

मग येते चिप. ५०९० ची चिप ७५० चौरस मिलिमीटरची आहे, ५०८० ची ३७८. चिपा ३०० मिलिमीटरच्या गोल वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर बनतात, त्यात ५०९० च्या साधारण ७० बसतात आणि ५०८० च्या १५० च्या आसपास. शिवाय चिप जेवढी मोठी तेवढी तिच्यात एखादा दोष निघायची शक्यता जास्त. २०२० ची ३०८० आणि ३०९० सॅमसंगच्या ८ नॅनोमीटर प्रोसेसवर होती, त्यानंतर सगळं तैवानच्या टीएसएमसीच्या पुढच्या प्रोसेसवर गेलं आणि ती स्वस्त नाही. वर ३२ जीबी जीडीडीआर७ मेमरी, ५१२ बिटचा बस (चिप आणि मेमरीमधला रस्ता), ५७५ वॉटला पुरेल असा कूलर. हे सगळं खरोखर महाग आहे.

आणि एक गोष्ट गेमर लोक विसरतात, हीच चिप कंपनीला दुसरीकडे कितीतरी जास्त भावाने विकता येते. ४०९० मध्ये जी चिप होती तीच ४८ जीबी मेमरी लावून आरटीएक्स ६००० एडा नावाने सुमारे ६,८०० डॉलरला विकली. जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षात एनव्हिडियाची विक्री १३० अब्ज डॉलर, त्यातले ११५ अब्ज डेटा सेंटरचे, गेमिंगचे फक्त ११ च्या आसपास. ग्रॉस मार्जिन, म्हणजे विक्रीतून माल बनवायचा खर्च काढून उरतं ते, ७५ टक्के! आता सांगा, हिला आपल्या दोन लाखांची किती पर्वा असणार. प्रतिस्पर्धी एएमडीने या पिढीत वरचं कार्ड काढलंच नाही, त्यांचं आरएक्स ९०७० एक्सटी ५९९ डॉलरला आलं, त्याच्या वर मैदान मोकळं. किंमत का चढली ते यावरून समजतं, पण ती रास्त आहे असं त्यावरून ठरत नाही.

आपल्याकडे गोव्यात १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बंद असतात, तेव्हा इसवणाचा (सुरमईचा) भाव चढला तर कोणी भांडत नाही, माल नाही तर नाही. पण सप्टेंबरात म्हापशाच्या बाजारात तोच भाव सांगितला तर आपण विचारणारच ना. ग्राफिक्स कार्डात नेमकं हेच झालं. २०२० आणि २०२१ ला क्रिप्टो नाणी मिळवणाऱ्या मायनिंगवाल्यांनी कार्डं उचलली, ६९९ डॉलरची ३०८० दुप्पट भावाने जात होती. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं, लोकांना वाटलं आता उतरणार, आणि नोव्हेंबरात ४०८० आलं १,१९९ डॉलरला. लोक किती देऊ शकतात ते कंपनीने बघून ठेवलं होतं. पुढे जानेवारी २०२४ ला ४०८० सुपर ९९९ ला आणलं, म्हणजे २०० डॉलर कमी करायला जागा होती तर.

आता सगळ्यात महत्त्वाची तपासणी, आणि हिला पैसे लागत नाहीत. नावाकडे बघू नका, स्पेसिफिकेशनमध्ये क्युडा कोरचा (चिपमधल्या हिशोब करणाऱ्या छोट्या भागांचा) आकडा बघा आणि त्या पिढीच्या वरच्या कार्डाच्या आकड्याने भागा. ३०८० मध्ये ८,७०४ कोर होते, ३०९० मध्ये १०,४९६, म्हणजे ८३ टक्के. ४०८० मध्ये ९,७२८ आणि ४०९० मध्ये १६,३८४, ५९ टक्के. ५०८० मध्ये १०,७५२ आणि ५०९० मध्ये २१,७६०, झाले ४९ टक्के. नाव ८० च, हिस्सा ८३ वरून ४९ वर. यावर कोणी म्हणेल की वरचं कार्डच राक्षसी झालंय म्हणून टक्का कमी दिसतो, तेही खरं आहे, म्हणून सोबत दुसरी गोष्ट बघायची, त्याच पैशात आधीच्या पिढीत काय मिळत होतं. २०८० सुद्धा ६९९ डॉलरला आलं होतं आणि ३०८० त्याच भावात ४के मध्ये ६० टक्क्यांहून जास्त फास्ट होतं. ५०८० हे ४०८० सुपरच्याच भावात आलं आणि फास्ट किती, १०-१५ टक्के. ५०९० निदान ४०९० पेक्षा ३० टक्क्यांच्या आसपास पुढे आहे, पैसेही तेवढेच जास्त, वीजही तेवढीच जास्त, फायदा नाही पण फसवणूकही नाही. ५०८० वर मात्र माझा आक्षेप आहे.

ही तुलना करताना फ्रेम जनरेशन बंद असलेले आकडेच घ्या हां. ५४९ डॉलरचं ५०७० म्हणजे ४०९० एवढा परफॉर्मन्स, असं जानेवारी २०२५ ला स्टेजवरून सांगितलं होतं, ते मधल्या फ्रेम एआयने बनवून मोजलेलं. फीचर चांगलं आहे, पण त्यावरून किंमत ठरवायची नाही.

मेमरीपण बघा. १०८० टीआय ला २०१७ मध्ये ११ जीबी होती, २०२५ च्या ५०७० ला १२. आठ वर्षांत एक जीबी! ४के खेळायचं असेल तर १६ च्या खाली बघूच नका. फक्त एक आहे, २०२५ च्या शेवटापासून मेमरीचे भाव खरोखरच भडकलेत, कारण बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन, आणि त्यांचा माल एआय सर्व्हरकडे जातोय. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. त्यामुळे दुकानदार "मेमरी महाग झाली" म्हणाला तर तो थापा मारत नाही.

आता गोव्यात बसून घेणाऱ्यांसाठी. कार्डाची किंमत म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. ५०९० ला १,००० वॉटचा पॉवर सप्लाय सांगितलाय, ५०८० ला ८५०. घरी जो ६०० व्हीएचा यूपीएस आहे ना, तो साधारण ३६० वॉट देतो, पावसात वीज गेली आणि गेम चालू असला तर तो तिथेच बसणार. सत्तरी, पेडणे बाजूला पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते वेगळं सांगायला नको, मोठा यूपीएस धरूनच बजेट करा. ५७५ वॉट म्हणजे खोलीत छोटा हीटर लावल्यासारखं, मे महिन्यात एसीशिवाय खेळणं विसरा. रोज चार तास फुल लोडवर चालवलं तर महिन्याला एकट्या कार्डाचे ६९ युनिट. आणि किनाऱ्याजवळ राहत असाल तर खारी हवा लक्षात ठेवा, पीसी महिनाभर बंद ठेवू नका, पावसाळ्यात रोज थोडा वेळ तरी चालू करा, खिडकीला लागून तर ठेवूच नका.

कामासाठी घेत असाल तर हिशोबच बदलतो. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे, थ्रीडी करणारे आर्किटेक्ट, यांचा जीएसटी नंबर असेल तर २,१४,००० मधले साधारण ३२,६०० रुपये इनपुट क्रेडिटमध्ये मिळतात, बिल फक्त फर्मच्या नावावर आणि नंबरासकट घ्यायचं. रेंडरिंगचे तास वाचले की पैसे वसूल होतात, त्यांना मी ५०९० घेऊ नका असं म्हणणार नाही. फक्त खेळण्यासाठी, तेही १४४०पी (४के च्या खालच्या) मॉनिटरवर, तर ९०७० एक्सटी किंवा ५०७० टीआय बास आहे, दोघांनाही १६ जीबी आहे.

पणजी-मडगावच्या दुकानांत असली कार्डं सहसा स्टॉकला नसतात, ऑर्डर देऊन मागवावी लागतात, त्यामुळे ॲडव्हान्स देण्याआधी मॉडेलचं पूर्ण नाव आणि भाव लिहून घ्या. बेंगळुरूच्या एसपी रोडचा आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचा भाव फोनवर विचारून ठेवला की घासाघीस करता येते. दुबईत राहणाऱ्या भावाला किंवा बोटीवर नोकरी करणाऱ्या काकाला आणायला सांगायचा मोह सगळ्यांनाच होतो, तिथे व्हॅट ५ टक्केच आहे, पण ड्यूटी फ्री मर्यादेच्या वर कस्टम्स लागतं आणि बऱ्याच ब्रँडची वॉरंटी देशापुरती असते. दोन लाखाचं कार्ड सहा महिन्यांत गेलं तर काका परत बोटीवर असणार. सेकंडहँड ४०९० चांगलं मिळालं तर घ्यायला हरकत नाही, पण पॉवर कनेक्टर काढून आतल्या पिना बघा, तिथे प्लास्टिक वितळल्याच्या तक्रारी जगभर झाल्यात, आणि समोर बसून अर्धा तास लोड टेस्ट चालवल्याशिवाय पैसे देऊ नका.