सुपरहिरो घडवताय? निदान या चुका तरी टाळा

पावसाळा लागला की किनाऱ्यावरच्या पोरांना पटावरच्या खेळासाठी नवे सुपरहिरो सुचायला लागतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या शाकारलेल्या, बाहेर धो धो आणि पडवीत पट मांडलेला. सुचतं त्याबद्दल तक्रार नाही, कल्पना झकास असतात. तक्रार आकड्यांची आहे. दरवर्षी त्याच चुका आणि दरवर्षी तेच उत्तर, "काका, एकच तर वाढवलाय!"

आम्ही खेळतो ते हिरोक्लिक्सच्या वळणाचं. २००२ साली आलेल्या त्या खेळात मूर्तीच्या बैठकीतच फिरती डायल असते. चाल, हल्ला, बचाव आणि मारा हे आकडे तिच्या खिडकीतून दिसतात, आणि जेवढा मार बसेल तेवढी घरं डायल पुढे सरकते. घरं संपली की हिरो बाद. हल्ला करताना दोन फासे टाकायचे, त्यात आपल्या हल्ल्याचा आकडा मिळवायचा. बेरीज समोरच्याच्या बचावाएवढी किंवा जास्त झाली की घाव लागला, आणि आपल्या माऱ्याच्या आकड्याएवढा मार त्याला बसला. प्रत्येक हिरोला पॉइंटांत किंमत असते आणि बहुधा ३०० पॉइंटांत संघ बसवायचा असतो.

"एकच तर वाढवलाय"

दोन फाशांच्या ३६ शक्यता असतात. सात किंवा जास्त पडण्याच्या २१, आठच्या १५, नऊच्या १०, दहाच्या फक्त ६. म्हणजे हल्ला १० असेल आणि समोर बचाव १७, तर शंभरातले ५८ घाव लागतात. बचाव १८ केला की ४२, १९ ला २८, २० ला १७. एकेकाने चढलेला हा बचाव दर पायरीला आधीपेक्षा महाग पडतो. पोरं मात्र प्रत्येक पायरीला तेच पाच पॉइंट लावतात.

राजापूरकडच्या एका पोराने कातळशिल्पांवरून हिरो केला होता. कल्पना खरंच देखणी. देवाचे गोठणे इथल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, होकायंत्र भरकटतं, म्हणून याच्यावर धरलेला नेमही भरकटतो, सबब बचाव २०. अंग जांभ्याचं, म्हणून प्रत्येक घावातला २ मार तो गिळतो. डायलवर सहा घरं, किंमत ९०. विचारलं, किंमत काढलीस कशी? म्हणाला, बचावाचे एवढे, कातडीचे एवढे, बेरीज केली.

समोर ६० पॉइंटांचे साधे हिरो होते. हल्ला १०, मारा ३, बचाव १७, सहाच घरं. तसा हिरो दोन घावांत जातो, म्हणजे सरासरी साडेतीन हल्ल्यांत. कातळवाल्याला एका घावात एकच मार बसायचा आणि घाव लागायचा सहांतून एकदा. बारा पडल्यावर एक मार जादा मिळतो, तो धरूनही त्याला खाली आणायला तीसच्या वर हल्ले लागतात. नऊपट टिकणारा हिरो दीडपट किमतीत! गुण एकमेकांत मिळवले जात नाहीत, गुणले जातात, हे त्या बेरजेला कुठून कळणार?

त्या संध्याकाळी वीज गेली, बॅटरीच्या उजेडात डाव चालू राहिला. समोरचा पोरगा टाकतोय फासे, आणि कातळ जागचा हलेना. दुसऱ्या चहापर्यंत तो फाशांकडे न बघताच टाकायला लागला. मग हळूच म्हणाला, "मी निघू का? आई वाट बघत असेल." हिरो न मेल्यामुळे डाव जिंकल्याचा आनंद त्या एकाच पोराला झाला, आणि पुढच्या वेळी त्याच्यासमोर बसायला कुणी तयार होईना.

माझी सवय सांगतो. ते ३६ चे आकडे मी कालनिर्णयाच्या पाठीमागे लिहून भिंतीला लावलेत. हिरो आला की आधी तो किती हल्ल्यांत पडतो ते मोजायचं, किंमत नंतर. शिवाय १८ च्या वर बचाव किंवा मार गिळणारी कातडी, दोहोंतलं एकच. काहींना हे जुनाट वाटतं. वाटू दे.

उडायचं, मारायचं, पळायचं

घारीसारखा हिरो हवा असतो सगळ्यांनाच. चाल १२, पल्ला (किती चौकोनांवरून नेम धरता येतो तो) ८, आणि धावता धावता, म्हणजे अर्धी चाल चालून, लगेच नेम. अर्धी चाल ६, वर पल्ला ८, म्हणजे चौदा चौकोनांवरून मारा. समोरच्याची चाल ८ असेल तर धावून हल्ला करताना त्याला अर्धी म्हणजे ४ मिळते, आणि हात पोचतो शेजारच्या चौकोनापर्यंत. चौदाला पाच. मोकळ्या पटावर याला लढाई म्हणायला मी तयार नाही. मी चाल आणि पल्ला यांची बेरीज १६ वर अडवतो आणि पटावर भिंती वाढवतो. मारून पुन्हा मागे सरकायची सोय तर कुणालाच देत नाही, कितीही गोड बोललात तरी.

फुकटचा कमकुवतपणा

"पाण्याबाहेर बचाव २ ने कमी" असं लिहून वीस पॉइंट सूट घ्यायची आणि मग दर वेळी स्वतःच रंगवलेला हर्णै बंदराचा पट काढायचा. ही चलाखी मला पाठ आहे. प्रतिस्पर्ध्याला कुठल्याही पटावर वापरता येईल अशाच कमकुवतपणाला सूट मिळते.

मदतनीस स्वस्त ठेवणे

जुन्या नियमांत आपल्या प्रत्येक खेळीत संघाच्या दर १०० पॉइंटांमागे एक कृती (एखाद्या हिरोची चाल किंवा हल्ला) मिळते, ३०० ला तीन. त्यामुळे दुसऱ्याला फुकट कृती देणारा ३० पॉइंटांचा "साधा" मदतनीस साधा नसतो. त्याची किंमत शेजारी उभ्या असलेल्या सगळ्यात दांडग्या हिरोकडे बघून लावा.

आधी रंग, मग आकडे

थ्रीडी प्रिंट काढून, सोनेरी रंग देऊन, वार्निश मारून मूर्ती आणतात. मग आकडा कमी कर म्हटलं की चेहरा पडतो. रंगात आठवडा गेलेला असतो ना! चाचणीचे डाव पुठ्ठ्याच्या चकतीवर खेळा. नेटवरच्या तयार किंमत-तक्त्यांबद्दलही माझं मत वाईट आहे, तेही बहुतेक बेरीजच करतात.

स्वतःच खेळवून बघणे

आपला हिरो आपण लाडानेच खेळवतो. मी नवा हिरो आमच्यातल्या सगळ्यात कुरकुऱ्या माणसाच्या हातात देतो आणि स्वतः समोर बसतो. दोन डाव तो जिंकला तर किंमत दहाने वाढवायची, पुन्हा खेळायचं. कार्ड तोवर पेन्सिलीनेच लिहा, आणि लॅमिनेशन गणपतीनंतर करा. आमच्या हवेत त्याआधी कागद ओलसरच असतो, आत बुरशी धरते.