वीव्ह पोल शिकवा, पण हात पाठीमागे ठेवून

ॲजिलिटी, म्हणजे कुत्र्याने मालकाच्या इशाऱ्यावर अडथळ्यांची शर्यत पार करण्याचा खेळ, सुरू करायची म्हटली की लोक आधी उड्यांचे सामान गोळा करतात. उड्या कुत्र्याला येतातच. गाडी अडते ती वीव्ह पोलपाशी. एका रांगेत बारा खांब, दोन खांबांमध्ये 60 सेंटिमीटर अंतर. पहिला खांब कुत्र्याच्या डाव्या खांद्याकडे ठेवून आत शिरायचे आणि एकही फट न चुकवता नागमोडी बाहेर पडायचे. सरळ धावता येत असताना कुठलाही कुत्रा आपणहून असे वळणार नाही. म्हणून बाकीचे थोडक्यात उरकू.

जागा निवडताना माडाखाली कोर्स लावू नका. नारळ आणि चुडते सांगून पडत नाहीत. भात कापलेले शेत सपाट दिसते, पण धसकटे पंजे फाडतात. किनाऱ्यावरच्या कोरड्या वाळूत पाय रुततात, खांद्यांवर ताण येतो आणि खांबही उभे राहत नाहीत. गवताचे मैदान किंवा खडे वेचलेली तांबडी माती बरी. वेळ सकाळी साडेसहा ते आठ, एप्रिल-मेमध्ये त्याहूनही कमी. कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो आणि गोव्याच्या दमट हवेत त्या धापांचा उपयोग अर्धवटच होतो. जवळ पाणी-सावली असली तरी दुपारचा सराव नाही म्हणजे नाही.

वर्षाच्या आतल्या पिल्लाला पूर्ण उंचीच्या उड्या आणि बारा खांबांची घट्ट रांग नको, हाडे अजून वाढत असतात. एफसीआय या कुत्र्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धेत 18 महिन्यांखालचा कुत्रा उतरवता येत नाही, तो नियम उगाच नाही. कुत्रा लठ्ठ असेल तर आधी वजन उतरवा.

उडीची दांडी नुसती टेकवलेली हवी, धक्का लागताच पडली पाहिजे. सुरुवात जमिनीवर ठेवलेल्या दांडीपासून. टनेल म्हणजे कुत्र्याने आतून धावायचा नळीसारखा बोगदा, त्याचा व्यास 60 सेंटिमीटर. आधी सरळ लावा, मग वळवा, दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या टेका, नाहीतर ते लोळते. बरेच दिवस गुंडाळून ठेवलेले टनेल काठीने झोडपून, आत बघून मगच कुत्रा सोडा. चिऱ्यांच्या आणि कातळाच्या भागात फुरसे असते आणि त्याला अशी अडगळ आवडते. ए-फ्रेम (एकमेकींना टेकवलेल्या दोन तिरप्या फळ्या) आणि डॉगवॉक (चढ-उतार असलेला अरुंद फळीचा पूल) यांच्या खालच्या रंगीत पट्ट्याला पाय लागलाच पाहिजे. त्यासाठी पुढचे दोन पाय जमिनीवर आणि मागचे दोन फळीवर, असे थांबायला शिकवा. सी-सॉ, म्हणजे वर-खाली होणारी फळी, सगळ्यात शेवटी. त्याच्या आपटण्याच्या आवाजाने कुत्रे बिचकतात, म्हणून सुरुवातीला टोकाखाली जुनी गादी घाला.

आता खांब. एक इंची पीव्हीसी पाइपचे मीटरभर लांबीचे बारा तुकडे कापा. तीन मीटरच्या चार पाइपांत काम होते. 10 मिलिमीटर जाडीच्या सळईचे 45 सेंटिमीटरचे तुकडे घ्या, 20 सेंटिमीटर जमिनीत ठोका आणि वर पाइप चढवा. पाइप थोडा हलला पाहिजे, घट्ट खांब खांद्याला लागतो. पाइप काढलात की सळई लगेच उपटा. उघडी सळई कुत्र्याच्या पोटात घुसू शकते. उन्हाळ्यात जमीन इतकी कडक होते की सळई वाकते. आदल्या संध्याकाळी जागा भिजवून ठेवा.

हातात बिस्किट धरून कुत्र्याला खांबांतून ओढत नेणे हा सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात निरुपयोगी सल्ला. कुत्रा हाताच्या मागे चालायला शिकतो, खांब त्याला दिसतसुद्धा नाहीत. शिवाय स्पर्धेत हातात खाऊ धरता येत नाही आणि कुत्र्याला हात लावता येत नाही. मग त्या सवयीचे करायचे काय?

दोनच खांबांनी सुरुवात करा. तुम्ही घड्याळाच्या सहाच्या जागी, तोंड बाराकडे. पहिला खांब नऊवर, दुसरा तीनवर, म्हणजे समोर उघडे दार. कुत्रा मधून गेला की त्याच क्षणी खेळणे किंवा खाऊ बाराच्या दिशेने पुढे, सरळ रेषेत फेका. खाऊ तुमच्या हातून मिळाला की कुत्रा मागे वळून तुमच्याकडे बघायला शिकतो, आणि पुढे दहाव्या खांबाला रांग सोडून बाहेर पडायचे मूळ तिथेच रुजते. तोंडाने काही बोलू नका, हात पाठीमागे ठेवा. दार कुठे आहे ते त्यालाच शोधू द्या.

दहापैकी आठ वेळा बरोबर गेला की खांब आठ आणि दोनवर आणा, मग सात आणि एकवर, शेवटी सहा आणि बारावर. प्रत्येक टप्प्यावर कुत्र्याला सरळ समोरून, डावीकडून आणि उजवीकडून, तिन्ही बाजूंनी सोडा. डावीकडून येणारा कुत्रा पहिल्या खांबाला वळसा घालून उजवीकडून आत शिरला पाहिजे. हा वळसा इथे जमला नाही तर पुढे दर तिसऱ्या फेरीला प्रवेश चुकेल. लोक घाईने इथेच टप्पा गाळतात आणि मग वर्षभर कुत्र्याला दोष देतात.

दुसरी जोडी पहिलीच्या पुढे साडेचार मीटरवर, पुन्हा आठ-दोनच्या कोनात. आधी अंतर कमी करा, मग कोन. दोन्ही एकाच दिवशी नाही. चार खांब 60 सेंटिमीटरवर सरळ रांगेत आले की पुढचे सहा, मग बारा फार त्रास देत नाहीत.

लागोपाठ दोनदा चुकला तर खांब एक टप्पा उघडा. ओरडू नका, रागावलेल्या माणसासमोर कुत्रा हळू होतो आणि हळू कुत्र्याला वळणांची लय सापडत नाही. मधली फट चुकली तर मधूनच परत घालू नका, पहिल्या खांबापासून पुन्हा सोडा. दहाव्या खांबाला बाहेर पडत असेल तर स्वतःचे पाय बघा: तुम्ही शेवटी थबकता किंवा पुढच्या उडीकडे खांदे वळवता, आणि कुत्रा तेच वाचतो. रांग संपून चार पावले पुढे जाईपर्यंत सरळ चालत राहा. डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंनी धावायची सवय पहिल्या आठवड्यापासून लावा.

एका वेळी सात-आठ फेऱ्या पुरे. पाठीचा कणा सारखा पिळला जातो, जास्त केल्याचा ताण दुसऱ्या दिवशी दिसतो. अंग आखडले असेल तर खांबांना सुट्टी.

जूनमध्ये चिखल झाला की बंद करा, घसरून गुडघ्याचा लिगामेंट तुटतो. गुळगुळीत फरशीवरही वीव्ह नको. सळया पुसून, तेल लावून कोरड्या जागी ठेवा; खाऱ्या हवेत गंज लवकर धरतो आणि गंजलेल्या सळईवर पाइप अडकून बसतो.